हँडल आत, आपण बाहेर

आजचा विषय छोटासा, पण गेल्या मे महिन्यात त्याने मला चांगलाच घाम फोडला. लेकीला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, गेट लावून आलो तर गाडी लॉक! बटण दाबतोय, पण दारात लपलेली हँडल्स काही बाहेर येईनात. मागे चाइल्ड लॉक, त्यामुळे तिला आतूनही उघडता येईना. शेवटी रिमोटमधली धातूची चावी काढली, हँडलचं एक टोक दाबून दुसरं वर आणलं आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. कारण निघालं १२ व्होल्टची मरगळलेली बॅटरी.

ही मोटरवाली हँडल्स गाजली २०१२च्या टेस्ला मॉडेल एसपासून. आत छोटी मोटर, गिअर, स्प्रिंग. म्हणून आधी कान द्या. मोटर घुरघुरते पण हँडल येत नाही? फटीत धूळ-चिखल, नाहीतर गिअर गेलाय. एकच दार गप्प? वायर किंवा मोटर. चारही गप्प? बॅटरी बघा.

धूळ असेल तर मऊ ब्रश आणि पाण्याने साफ करा, सुकू द्या, मग थोडा सिलिकॉन स्प्रे मारून हँडल आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. तेल-ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटू तर अजिबात नका.

चावीने दार उघडायची पद्धत प्रत्येक गाडीत वेगळी असते. मॅन्युअल काढा आणि आजच घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. भेटू पुढच्या भागात!