घरचौकशी आणि सेवा करणारी बाई



सोलापुरात श्रम मोजण्याची रीत जुनी आहे. गिरणीत कापड वारावर मोजले, मागावर चादरी मोजल्या, विडी तर हजारावरच मोजतात. पण पूर्वभागातली विडी कामगार बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूला रात्री तीनदा कूस बदलून देते, त्याला माप नाही. हजार विड्या वळणारी पाचशेवर येते. उरलेल्या पाचशेची मजुरी कुठे गेली, हे अर्जातला कोणताच रकाना विचारीत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कलम २४ मध्ये काळजीवाहक भत्त्याचे नाव घेतले आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजना काढून सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला पैसे देण्याची सोय केली. आपल्या हाताशी आहे ती १९८० ची संजय गांधी निराधार योजना. तिचे अनुदान रुग्णाचे, सेवा करणारीचे नव्हे. त्यातही उत्पन्नाची अट : निराधारांच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे २१,००० रुपये. बाराने भागा, महिना साडेसतराशे! एवढ्यात घर चालवून दाखविणारा अर्थशास्त्री आम्हांला अजून भेटायचा आहे.

अर्जानंतर तलाठी चौकशीला येतो. साहेब येणार म्हणून आमच्या बाया पहाटे उठून घर पुसतात, म्हातारीला न्हाऊ घालून धुवट लुगडे नेसवतात, आणि "कसं चाललंय?" विचारले की "बरं आहे" म्हणतात. रीत चांगली, पण कागदावर अंगलट येते. दहा मिनिटांत साहेबाला भिंतीवरचा टीव्ही दिसतो. पलंगाखालचे भांडे दिसत नाही. त्यालाही गावभर कामे, नुसते रागावून काय होणार?

तेव्हा आठवडाभर वही ठेवा. कितीदा उठविले, भरविले, कपडे बदलले, किती विड्या कमी पडल्या, सगळे लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बसवा. म्हातारीसमोर तिचे हाल सांगायला सुनेची जीभ रेटत नाही. अशा वेळी साहेबाला ओट्यावर नेऊन सांगावे. जबाब वाचून घ्यावा. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगूत समजून घ्यावा, मगच सही किंवा अंगठा.

आणि सरकारकडे आमची मागणी आहे ती अशी : चौकशीच्या कागदात एक रकाना वाढवा. सेवा कोण करते, आणि त्यापायी तिची किती मजुरी बुडते?