रोम नगरांतील विद्यार्थ्याचा एक दिवस

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं रामटेक येथें केलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें लांबलचक भाषण करूं नये हें आम्ही जाणतों. मागें पंगतीची तयारी झाली आहे हेंही जाणतों. तथापि आपल्या या लहानशा मंडळींतील एक तरुण येत्या सप्टेंबरांत उच्च धर्मशिक्षणासाठीं रोमला जावयाचा आहे. गेल्या आठवड्यांत त्याची आई आमच्या दारीं येऊन जें विचारून गेली, त्याचें उत्तर तुम्हां सर्वांसमक्ष द्यावें असें आम्हांस वाटलें. ती म्हणाली, "फादर, तिथें तो दिवसभर करील तरी काय?" आणि पायरी उतरतां उतरतां हळूच म्हणाली, "परत येईल ना?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. १९९८ ते २००१ अशीं तीन वर्षें आम्ही त्याच नगरांत विद्यार्थी होतों.

रोममध्यें टायबर नदीच्या पश्चिमेस जानिकोलो नांवाची टेकडी आहे. आपल्या गडाएवढी ती उंच नाहीं. पण तिच्यावरून संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट अगदीं समोर दिसतो. ज्या देशांत ख्रिस्ती धर्म नवा आहे तेथील तरुणांसाठीं पोप आठवे उर्बान यांनीं १६२७ सालीं जें गुरुविद्यालय स्थापन केलें, तें १९२६ पासून या टेकडीवर आहे. त्याला लागूनच विद्यापीठ. आमची राहण्याची सोयही त्याच टेकडीवर होती.

पहाटे साडेपांचला घंटा होई. हिवाळ्यांत त्या वेळीं बाहेर गडद काळोख आणि असा गारठा, कीं विदर्भाच्या उन्हांत वाढलेल्या माणसानें लोकरी मोजे घालूनच झोपावें. प्रार्थना, मनन, मिस्सा, आणि मग दूधकॉफी व कडक पाव. साडेआठला वर्ग भरत. बांकावर आमच्या डाव्या हातास नायजेरियाचा एक सोबती, उजवीकडे व्हिएतनामचा. तिघांपैकीं कोणालाही दुसऱ्याची भाषा येत नव्हती. जी काय देवघेव होई ती मोडक्या इटालियनमध्यें. पहिल्या कांहीं महिन्यांत प्राध्यापकांचें बोलणें आमच्या कानांवरून ओढ्याच्या पाण्यासारखें वाहून जाई. मग आम्हीं एक युक्ति केली. ऐकूं येईल तो शब्द देवनागरींत लिहूं लागलों. इटालियन लोकांचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दांतांवरचे. इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्यांची तेथें जीभ अडखळे, आमची अडखळत नसे. नागपूरच्या संत चार्ल्स सेमिनरींत कष्टानें शिकलेली लॅटिनही उपयोगी पडली. परीक्षा मात्र तोंडी. प्राध्यापकांसमोर खुर्चीवर बसून उत्तरें द्यावयाचीं. पहिल्या परीक्षेस आमच्या तळहातांना सुटलेला घाम अजून आठवतो.

बरोबर बाराला टेकडीवर तोफ उडे. ही प्रथा पोप नववे पियुस यांनीं १८४७ सालीं सुरू केली. शहरांतल्या प्रत्येक देवळाची दुपारची घंटा आपापल्या घड्याळाप्रमाणें वाजे, आणि त्यामुळें रोममध्यें बारा कितीदां वाजत याला धरबंद राहिला नव्हता. आधीं ही तोफ नदीकांठच्या किल्ल्यावर असे; १९०४ पासून ती जानिकोलोवर आहे. पहिल्या दिवशीं तो बार ऐकून आम्ही बसल्या जागीं दचकलों आणि सारा वर्ग हंसला.

दुपारीं जेवण, थोडी विश्रांति, मग ग्रंथालय. पास्ता नांवाच्या पदार्थाबद्दल आम्ही येथें कांहीं बोलत नाहीं. तो मुलगा परत आला म्हणजे त्यालाच विचारा. संध्याकाळीं पायीं फिरावयास जाण्याची मुभा होती. रस्तोरस्तीं लोखंडी नळांतून थंड पाणी अखंड वाहत असे, असे सुमारें २,५०० नळ त्या शहरांत आहेत, आणि तें वाहतें पाणी पाहून मे महिन्यांतल्या आमच्या गांवची विहीर आठवल्यावांचून राहत नसे. रात्रीं जपमाळ, जेवण, आणि डोळे मिटेपर्यंत वाचन.

आपण रामटेकचीं माणसें. कालिदासाच्या मेघदूतांतला रामगिरि तो आपलाच डोंगर, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. तेथल्या यक्षाला एकच वर्ष हद्दपारी होती, तरी तो ढगाकरवीं निरोप धाडूं लागला. आम्हांस तीन वर्षें काढावयाचीं होतीं, आणि रोमचे ढग नागपूरकडे येत नाहींत.

सुटीच्या दिवशीं आम्ही दोन ठिकाणीं मुद्दाम जात असूं. एक, स्पेन चौकांतला प्रोपागांडाचा वाडा. गुरुविद्यालय पूर्वी तेथें होतें. गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो हा तरुण आपल्या भूमींत गुरुदीक्षा मिळेना म्हणून रोमला गेला, तेथें प्रोपागांडाच्या छत्राखालीं शिकला, धर्मगुरु झाला आणि १६३७ सालीं बिशप झाला. दुसरें ठिकाण क्विरिनाल टेकडीवरचें संत आंद्रेयाचें. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १५७५ सालीं तेथेंच येशूसंघांत पाऊल ठेविलें. जन्मानें इंग्रज, शिक्षण रोमचें. आणि १५७९ मध्यें गोव्यास उतरल्यावर त्यांनीं आपली भाषा अशी आत्मसात केली कीं १६१६ सालीं सुमारें ११,००० ओव्यांचें क्रिस्तपुराण राचोल येथें छापून निघालें.

तेथें उभे राहून आम्हांस अभिमान वाटे. लाज वाटावयास हवी होती, ती मागाहून वाटली. कारण असें कीं, तीन वर्षांत आम्हीं मराठी पुस्तक म्हणून एकही उघडलें नाहीं. इटालियन हवी, लॅटिन हवी, ग्रीक हवी. मराठी काय, ती आहेच, अशी आमची समजूत! २००१ सालीं परत आलों. पहिल्या रविवारीं मोठ्या उमेदीनें प्रवचन केलें. मिस्सेनंतर एक वृद्ध कॅटेकिस्ट जवळ आले, आमचा हात हातांत घेतला आणि म्हणाले, "फादर, फार विद्वत्तेचें झालें. आतां तेंच एकदां मराठींत सांगाल का?" ते चेष्टा करीत नव्हते. आम्ही देहानें परत आलों होतों. जिभेला यावयास आणखी दोन वर्षें लागलीं, आणि तीं दोन वर्षें लोकांनीं आम्हांस सोसलें.

म्हणून, बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला "येईल" असें नुसतें म्हणून आम्ही मोकळे होत नाहीं. त्याच्या पेटींत तुम्ही लोणचें भराल तें भराच; आम्ही मराठी बायबल आणि तुकोबांची गाथा देणार आहों. रोज अर्धा तास, झोंपेंतून काढावा लागला तरी. आणि तुम्ही त्याच्याशीं बोलाल तेव्हां शुद्ध बोलण्याच्या फंदांत पडूं नका. घरीं बोलतां तसेंच बोला.

आणखी एक सांगावयाचें आहे. आमच्या वेळीं पत्र पोहोंचावयास पंधरा-पंधरा दिवस लागत. पहिल्याच पत्रांत आम्हीं आईला लिहिलें कीं, तुमच्याकडे साडेचार झाले म्हणजे इकडे बाराची तोफ उडते आणि आमचा वर्ग सुटतो. परत आल्यावर बहिणीनें सांगितलें, आई रोज साडेचारला हातांतलें काम टाकून ओसरीवर बसे आणि एक नमो मारिया म्हणे. तीन वर्षांत एक दिवस चुकली नाहीं. पण उन्हाळ्यांत तिकडे घड्याळें एक तास पुढें करतात, तेव्हां तोफ आपल्या साडेतीनलाच उडते, हें लिहावयाचें आम्ही विसरलों होतों. निम्में वर्ष ती माउली एक तास उशिरा बसत होती. हें आम्हीं तिला कधीं सांगितलें नाहीं.

तुमच्या बाबतींत तसें होऊं नये, बाई. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापासून साडेचार, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारापासून साडेतीन.