विहिरीत रोबो उतरला, काका नाही

हेडफोन लावलेत ना? आज पाण्याखाली जायचंय.

सुरुवात आमच्या विहिरीपासून करते. पंपाच्या पाइपच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे सगळे त्याला 'फुटबॉल' म्हणतात. त्यात काही अडकलं की पंप नुसताच गुरगुरतो. मग काका कमरेला दोर बांधून उतरणार, बुडी मारणार, हाताने चाचपणार. दोन वर्षांपूर्वी ते वर आले ते धापा टाकतच. काकू काही बोलली नाही, नुसती काठावर बसून राहिली. तेव्हा मी ठरवलं, खाली निदान बघायला तरी माणूस जायला नको.

मला यातलं काहीही येत नव्हतं. शोधता शोधता एमआयटीचा सी-पर्च नावाचा प्रकल्प सापडला. शाळेतली मुलं पीव्हीसी पाइपचा पाणरोबो बनवतात. म्हटलं, मुलांना जमतं तर मलाही जमेल.

अर्धा इंची पाइप, एल्बो, टी घेऊन चौकट केली. बोटीत साचलेलं पाणी उपसायच्या पंपाच्या 12 व्होल्टच्या तीन मोटर लावल्या. दोन पुढे-मागे आणि वळायला, एक वर-खाली जायला. या मोटर मुळातच वॉटरप्रूफ असतात, म्हणून नवशिक्याला सोप्या. कॅमेरा आणि बॅटरी ठेवली रबरी रिंगच्या घट्ट डब्यात.

आत टिश्यू पेपर घालून डबा बादलीत रात्रभर बुडवला. सकाळी कागद कोरडा! मी खूश.

विहिरीत वीस फूट पाणी होतं. रोबो तळाशी गेला आणि दोन मिनिटांत स्क्रीन काळी.

कारण साधं आहे. दर 10 मीटरला पाण्याचा दाब साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटरने वाढतो. वीस फूट म्हणजे 6 मीटर. माझं झाकण 10 बाय 10 सेंटीमीटरचं, म्हणजे त्यावर 60 किलोचा भार! एक माणूस झाकणावर उभाच राहिला म्हणा ना. झाकण मध्ये वाकलं, कोपरे उचलले, पाणी आत. बादलीला यातलं काय कळणार?

दुसऱ्या वेळी बॅटरी काठावरच ठेवली. खाली फक्त मोटर आणि गाडीचा रिव्हर्स कॅमेरा. कॅमेरा 5 सेंटीमीटरच्या जाड पाइपच्या तुकड्यात, समोर अ‍ॅक्रिलिकची चकती, मागून एपॉक्सी. चकतीवर भार आला जेमतेम 12 किलो.

'वायर कशाला, वायफाय लाव की,' असं मित्र म्हणाला. अरे, वायफायचे सिग्नल पाण्यात हातभरसुद्धा धड जात नाहीत. वायर हवीच. पण तीही जाड हवी. माझी 15 मीटरची बारीक वायर, जाऊन-येऊन 30 मीटर, रोध 1 ओहमच्या आसपास. मोटरने 3 अँपिअर घेतले की 3 व्होल्ट वायरीतच गुल. मोटर सुस्त पडली तर आधी वायर बघा.

आणि तोल! हवा भरलेले, टोकं बंद केलेले पाइप वरच्या बाजूला, वजन खाली. बाकी चौकटीला भोकं पाडा, म्हणजे आत हवा कोंडत नाही. मग एकेक नट-बोल्ट वाढवत जा. सोडल्यावर रोबो ना बुडायला हवा, ना वर यायला. यात माझे दोन रविवार गेले.

पंप परत अडला तेव्हा आधी मेन स्विच बंद केला. रोबो खाली सोडला. तळाजवळ पंख्याने गाळ उडवला, सगळं मातकट. मोटर बंद करून पाच मिनिटं थांबलो. मग दिसलं, फुटबॉलच्या जाळीवर खताची प्लॅस्टिक पिशवी चिकटलेली.

रोबोला ती काढता आली नाही. त्याला हातच नाही! पण नेमकं काय झालंय ते कळलं, म्हणून चौघांनी मिळून पाइपच वर ओढला. कुणी बुडी मारली नाही.

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "एवढं स्वच्छ तर मला आजवर कधी दिसलं नव्हतं गं."

तुम्ही करणार असाल तर आधी बादली, मग टाकी, मग विहीर. 12 व्होल्टची बॅटरीच वापरा, घरची वीज पाण्याजवळ नको. आणि काठावर एकट्याने कधीच जायचं नाही.

पुढच्या भागात रोबोला हात लावूया. तोवर, भेटत राहू!