गायनाच्या तासाचे मास्तर



गावात नामांकित कीर्तनकार आले की आपण त्यांना हार घालतो. नाटकातले पद रंगले की वन्समोअर देतो. ते योग्यच आहे. पण ते पद रंगले हे कळणारा कान आपल्याला कोणी दिला? थोडा आईच्या ओवीने दिला, थोडा देवळातल्या भजनाने. आणि पुष्कळांना तो शाळेतल्या गायनाच्या मास्तरांनी दिला. आज मी या मास्तरांविषयी बोलणार आहे.

गाणे शाळेत शिकवायचे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. पूर्वी विद्या हवी तर गुरूच्या घरी राहायचे, पाणी भरायचे, आणि मर्जी झाली तर एखादी चीज मिळायची. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. पुढे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम घेतली, आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले होते. असा माणूस परमुलखात जातो, आणि वर्ग, हजेरी, क्रमिक पुस्तके, परीक्षा अशी सगळी शाळेची शिस्त गाण्याला लावतो!

त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. ती म्हणजे त्यांचा उपदेशक वर्ग. नुसते गवई नव्हे, तर गाणे शिकवणारे तयार करायचे, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचा भार स्वतःवर घेतला. मुंबईची त्यांची इमारत पुढे कर्जापायी गेली. माणसे राहिली. तुमच्या विद्यालयातून तानसेन किती निघाले, असे कोणी विचारले तर मी कानसेन तयार करतो, असे ते म्हणत, अशी गोष्ट सांगतात.

त्यांचेच एक शिष्य नारायण मोरेश्वर खरे. महात्माजींना आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा विष्णु दिगंबरांनी यांना दिले. खरेशास्त्री मैफली गाजवू शकले असते. त्यांनी साबरमतीस आश्रमवासीयांना आणि मुलांना प्रार्थना सुरात म्हणायला शिकवण्यात आयुष्य घातले, आश्रम-भजनावली सिद्ध केली, १९३० साली दांडीच्या वाटेवरही ते चालले. १९३८ साली हरिपुऱ्यास त्यांचा अंत झाला. गवयांच्या यादीत त्यांचे नाव पटकन कोणी घेत नाही.

आता आमच्या मास्तरांकडे वळतो. तालुक्याच्या हायस्कुलात ते गायन शिकवीत. त्यांचे नाव तुमच्या कानावर आलेले नसणार. गायनाचा तास आठवड्यातून दोनदा, तोही दुपारचा शेवटचा. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जाई, आणि मास्तर निमूटपणे पेटीला खोळ घालीत.

माझा आवाज अगदी ओबडधोबड. समूहगीतात पहिल्या दिवशीच मी पट्टी सोडून गेलो. दुसऱ्या एका गुरुजींनी आधीच मला सांगून ठेवले होते, "तू नुसते ओठ हलव." गायनमास्तरांनी तसे केले नाही. मला पेटीजवळ बसवले आणि म्हणाले, "तुला येतो तो सूर काढ." मी काढला. त्यांनी पेटीवर तोच सूर शोधून काढला, दाबून धरला, आणि वर्गाला म्हणाले, "हा याचा सा." मग तिथून एक पट्टी वर, पुन्हा खाली. महिनाभर असे चालले. दिवाळीनंतर मी वर्गाच्या सुरात आलो. मी गवई झालो नाही, शिक्षक झालो. पण मूल चुकते तिथे आपण आधी जाऊन बसायचे, ही युक्ती मला अध्यापनाच्या कोणत्याही पुस्तकात त्याइतकी स्वच्छ भेटली नाही.

मुलांच्या गळ्याला ते जपत. लहानांसाठी काळी चार. मोठ्या मुलांचे आवाज फुटू लागले की पट्टी खाली, आणि त्या दिवसांत ओरडून गायला सक्त मनाई. ताल ते हातावर शिकवीत. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिलीला, पाचवीला आणि तेराविलीला टाळी, नववीला खाली. गंमत म्हणजे मागच्या बाकावरचा, पाढ्यात नापास होणारा मुलगा यात सर्वांच्या पुढे असे, कारण त्याच्या घरी ढोलकी होती. त्या एका तासापुरता तो वर्गात ताठ बसे.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा रीतसर समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पाच भाषणे. भाषणे बरीच लांबली, त्यामुळे मुलांचे गाणे राहून गेले! पुढे त्यांची जागा भरली गेली नाही. पेटी कपाटात गेली. शिक्षक बंधुभगिनींनो, अशी शाल घालताना आपल्याला थोडा संकोच वाटायला हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्या कामाबद्दल सत्कार केला तेच काम दुसऱ्या दिवशी बंद!

तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे गाणे येते? न येवो. सकाळची प्रार्थना रोज एकाच पट्टीत सुरू करणे तर जमेल? गावात भजनी मंडळ आहे, त्यातल्या एखाद्या बुवांना शनिवारी अर्धा तास बोलवा. जवळपास कोणी निवृत्त गायनशिक्षक राहत असतील, तर त्यांना व्यासपीठावर नको, वर्गात बोलवा.

आम्ही ते केले, जरा उशिराच. मास्तर आले ते काठी टेकीत. कपाट उघडले. पावसाळ्याने लाकूड फुगून दोन पट्ट्या अडकल्या होत्या, भात्याला उंदराने भोक पाडले होते. त्यांनी चष्मा पुसला, खिळखिळ्या हातांनी झाकण काढले, एकेका सुरातली धूळ फुंकली, भोकावर कातड्याचा तुकडा चिकटवला. आम्हांला वाटले, आता काही वाजवतील. त्यांनी पहिल्या रांगेतल्या सर्वांत लाजऱ्या मुलीला जवळ बोलावले आणि म्हणाले, "बाळ, तुला येतो तो सूर काढ."