हृदय सैल होतं तेव्हा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले डॉक्टर सिडनी रिंगर 1882 साली बेडकाचं हृदय शरीराबाहेर चालतं ठेवण्याच्या खटपटीत होते. क्षारांच्या साध्या द्रावणात ते बराच वेळ धडधडत राही. मग लक्षात आलं, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात केलं गेलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय लवकरच थांबलं. थोडा कॅल्शियमचा क्षार घालताच पुन्हा चालू लागलं. 1883 साली रिंगर यांनी ही दुरुस्ती छापून जाहीर केली. गावोगावच्या दवाखान्यांत टांगलेली ‘आरएल’ची बाटली, म्हणजे रिंगर लॅक्टेट, आजही त्यांचं नाव सांगते, आणि तिच्यात कॅल्शियम असतंच.

कॅल्शियमशिवाय हृदय आकसत नाही, हे तेव्हा कळलं. आकसलेलं हृदय सैल कसं होतं, हे कळायला मात्र पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. आजही हृदयाच्या दुखण्यांची चर्चा रक्तवाहिन्यांतले अडथळे आणि ठोक्याचा जोर यांच्याभोवतीच फिरते. सैल होण्यासाठी पेशी किती राबते, याचा उल्लेख क्वचित होतो. तो व्हायला हवा.

एकच ठोका जवळून पाहू. मिनिटाला 75 ठोके धरले, तर एकाच्या वाट्याला 0.8 सेकंद येतो. विश्रांतीच्या क्षणी पेशीतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. विद्युत संदेश आला, की पेशीपटलातल्या एल-प्रकारच्या वाहिन्या उघडतात आणि थोडं कॅल्शियम आत येतं. तेवढ्याने काम भागत नाही. पण तिथून जेमतेम 12 ते 15 नॅनोमीटरवर सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम हे पेशीचं कॅल्शियमचं कोठार असतं. त्याच्या पटलात रायनोडिन रिसेप्टर नावाची अवाढव्य प्रथिनं बसलेली असतात: चार भागांची, आणि प्रत्येक भागात जवळपास 5,000 अमिनो आम्लं. आत आलेलं कॅल्शियम त्यांना चिकटतं, ती उघडतात आणि कोठारातला साठा बाहेर पडतो. पेशीतलं मोकळं कॅल्शियम साधारण दहापट होतं, तंतू एकमेकांवर सरकतात, हृदय आकसतं.

लगेच उपसा सुरू होतो, आणि तो फुकट होत नाही. कोठाराच्या पटलातला ‘सर्का’ हा पंप एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चून कॅल्शियमचे दोन आयन आत परत नेतो. स्नायूंतला असा पंप 1961 साली जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे यांनी ओळखला. काही कॅल्शियम पेशीबाहेर काढावं लागतं. ते काम सोडियम-कॅल्शियम विनिमयक करतो. तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकतो. माणसाच्या हृदयात उपशातला सुमारे 70 टक्के वाटा सर्काचा, तर उंदराच्या हृदयात 90 टक्क्यांहून जास्त. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

डिजॉक्सिन या जुन्या औषधाचं कामही याच विनिमयकामार्फत चालतं. 1785 साली विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या झाडाचा उपयोग लिहून ठेवला, त्याच वर्गातलं हे द्रव्य. ते सोडियमचा पंप अडवतं, पेशीत सोडियम साचतं, विनिमयक मंदावतो, कोठारात कॅल्शियम जास्त उरतं आणि पुढचा ठोका जोरकस पडतो. आपल्या कुंपणांवरच्या पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, याच जातीची द्रव्यं असतात. तिचं विष हृदयाला बाधतं ते यामुळेच: साठा प्रमाणाबाहेर गेला, की कोठार भलत्या वेळी गळू लागतं आणि ठोक्यांची लय मोडते.

सर्काला एक ब्रेकही आहे. मिचिहिको तादा आणि आर्नल्ड कॅट्झ यांनी 1970च्या दशकात शोधलेलं हे प्रथिन म्हणजे फॉस्फोलॅम्बन. त्यात अमिनो आम्लं फक्त 52. ते सर्काला चिकटून त्याचा वेग रोखतं. माणूस जिना चढू लागतो, अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, फॉस्फोलॅम्बनच्या सोळाव्या जागेवर फॉस्फेट जोडला जातो आणि ब्रेक सुटतो. म्हणून धावताना हृदय जोरात आकसतं तसं झटकन सैलही होतं. तसं झालं नाही, तर पुढच्या ठोक्यासाठी रक्त भरायला वेळच उरणार नाही.

मग ब्रेक काढूनच टाकला तर? 1994 साली अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हँजेलिया क्रानियास यांच्या गटाने फॉस्फोलॅम्बन नसलेले उंदीर तयार केले. त्यांची हृदयं नेहमीपेक्षा जोमाने चालली. हृदय निकामी होण्यावर इलाज सापडला, असं वाटण्यासारखीच ही गोष्ट होती. पण 2003 साली याच गटाने ग्रीक कुटुंबांतला एक जनुकीय दोष नोंदवला, ज्यात हे प्रथिन पूर्ण तयारच होत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आलेल्यांची हृदयं फुगली आणि प्रत्यारोपणाची वेळ आली. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देतं; त्याचा सर्का एरवीही भरधाव असतो. माणसाच्या हृदयाला शांत बसताना संथ आणि धावताना वेगवान व्हावं लागतं, त्यामुळे ब्रेकवर त्याची भिस्त जास्त. उंदरांवरचे निकाल माणसावर लादताना हा फरक पुरेसा जोखला गेला नव्हता, असंच म्हणावं लागतं.

सर्काचं जनुक विषाणूमार्फत हृदयात पोहोचवण्याचा प्रयत्नही झाला. ‘क्युपिड-2’ या चाचणीत 250 रुग्ण होते. 2015 साली निकाल आला, आणि रुग्णांना फायदा झाल्याचं दिसलं नाही.

नेदरलँड्समध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे अनेक घराण्यांत फॉस्फोलॅम्बनमधलं चौदावं अमिनो आम्ल गळालेलं असतं. काही शतकांपूर्वीच्या एकाच पूर्वजापासून हा दोष पसरला. त्यातून हृदय फुगतं, लय बिघडते, कधी अचानक मृत्यू येतो. हाच दोष असलेल्या उंदरांना 2021 साली फॉस्फोलॅम्बन कमी करणारं औषध दिलं गेलं आणि त्यांचं आयुष्य वाढलं. ग्रीक कुटुंबांत ज्या प्रथिनाच्या अभावाने हृदयं गेली, तेच डच रुग्णांत कमी करायचं आहे. किती कमी करायचं, याचं उत्तर उंदीर देऊ शकणार नाहीत.