देवळापासून शिवारापर्यंत

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आज कळस चढला. पुण्या-मुंबईस नोकरीला असलेल्यांनी पैसे धाडले. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्यांनी दगड-वाळू वाहिली. त्याविषयी आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहे. मी पाण्याविषयी बोलणार आहे. देवळाच्या सोहळ्यात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला राळेगणसिद्धीचे देऊळ उत्तर देईल.

१९७५ साली अण्णा हजारे फौजेतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा तेथील यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा दारूच्या भट्टीत गेलेली होती. अण्णांनी पदरची पुंजी घालून प्रथम मंदिर उभे केले. मंदिरात माणसे जमू लागली आणि मग पाण्याची गोष्ट निघाली. पाणी अडवावे कसे, हे पाहण्यास ते पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांच्याकडे गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर साळुंख्यांनी तेथे उघड्या माळावर बांध घालून पाणी मुरविले होते. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरे. भूमिहीनालाही वाटा, उसाला मात्र नाही!

राळेगणने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. ते पाहून हिवरे बाजार उठले. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस लावायचा नाही, असे गावाने ठरविले. तेथे पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिके ठरवितात. १९९२ पासून शासनाने आदर्श गाव योजना राज्यभर नेली.

मंडळी, यात एक गोम आहे. बांध सरकारी पैशाने कोठेही होतो. नियम मात्र गावालाच करावा लागतो. म्हणून बांध भराभर पसरले, नियम मागे राहिले. बंधाऱ्यात पाणी आले आणि उसाने ते पिऊन टाकले, अशी गावे आपल्या मुलखात शोधावी लागत नाहीत.

नियमाचे धाडस आपल्याच जिल्ह्यात आयाबहिणींनी केले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था या भागात काम करू लागली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिच्याशी जोडलेल्या बायकांनी घरच्या जमिनीतून एखादा एकर स्वतःकडे मागून घेतला. त्यात कमी पाण्यावरची कडधान्ये, ज्वारी आणि भाजीपाला मिसळून लावला. खत घरचे, आधी घरच्यांचे पोट, उरेल ते बाजारात. एकीचे पाहून शेजारीण करू लागली. २०१७ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्या एक एकराचे मोल अधिक वाटते. नवऱ्याकडून जमीन मागून घेणे सोपे नसते, हे येथे बसलेल्या बाया जाणतात.

आणि आता संकट एकाच बाजूने येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पुराने पिकांबरोबर मातीही नेली. माळावर अडलेले पाणी जसे उन्हाळ्यात विहिरीला लागते, तसेच ते ओढ्याचा जोरही थोडा मोडते. मात्र वरच्या गावाने अडविले तरच खालच्याचा बांध टिकतो. एकट्या गावाचे हे काम नव्हे.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. या सभामंडपात दिवाळीनंतर ग्रामसभा बसू द्यावी. त्याआधी तरुणांनी प्रत्येक विहिरीला दोर सोडून पाणी मोजावे आणि आकडे येथे भिंतीवर लिहावेत. वरच्या आणि खालच्या गावच्या मंडळींनाही बोलवावे. रब्बीला काय पेरायचे, ते आकडे पाहून सर्वांसमक्ष ठरू द्या.