आवाजालाही दिशा असते
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गड्ड्याची यात्रा असो वा शाळेचे गॅदरिंग, मागून हाक येतेच, “आवाज वाढवा!” मग पुढच्यांचे कान किटतात, मागच्यांना शब्द कळत नाहीत. उपाय आहे मांडणीत.

सेकंदाला ३४० कंपनांच्या सुराचा तरंग सुमारे १ मीटर लांब असतो. एकसारखे वाजणारे दोन छोटे स्पीकर अर्धा मीटर अंतराने एकावर एक ठेवा. समोरच्या श्रोत्याकडे दोन्ही तरंग एकदम पोहोचतात, जोर वाढतो. थेट वरच्या दिशेला मात्र एक तरंग अर्ध्या लांबीने मागे पडतो. एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आवाज जिरतो. उभ्या पेटीत असे अनेक स्पीकर रांगेने बसवले की छताकडे आवाज कमी, श्रोत्यांकडे जास्त जातो. तीच पेटी आडवी टाकली, तर कडेला बसलेल्यांना नीट ऐकू येत नाही. खर्जाच्या सुरांना पेटी अधिक लांब लागते.

विजापूरच्या गोल घुमटात भिंत कुजबूज पोहोचवते. इथे रांग ते काम करते.

विद्यार्थी मित्रांनो, पेटी उभी बांधा आणि शेवटच्या बाकावर बसून ऐका. शेजारच्या घरातही कुणी परीक्षेचा अभ्यास करीत असते.